बांधलेली शीव

सत्तावन साली फ्ल्यूची साथ आली तेव्हा आमच्या गावाची शीव बांधली. सालेकशाच्या जंगलपट्टीत साथीवर तोच उपाय होता. पुजारी पूजा करायचा, वाटांवर कडुनिंबाच्या डहाळ्या बांधलेली दोरी ताणायचे, आणि साथ ओसरेपर्यंत आतला आत, बाहेरचा बाहेर.

मी बाहेर सापडले. आईला ताप होता म्हणून मुलीला सासूजवळ ठेवून माहेरी गेले होते. पोरगी जेमतेम चालायला लागलेली. परत आले तर नाल्यावर दोरी आणि दोरीमागे काठी घेऊन माझाच चुलत दीर.

"वहिनी, तठीच थांब. वापस जाय."

"माह्या पोरीले कोण पाहील? तू?"

"तिची आजी हाये ना. जाय."

माहेरी परतले, तर तेवढ्यात तिथलीही शीव बांधून झाली होती. सख्खा काका म्हणाला, "लगन झालेली पोरगी या गावची कायची? तू त्या गावची." लग्नात त्याने हेच रडत रडत सांगितलं होतं. या वेळी डोळे कोरडे होते.

नाल्यापलीकडे आमचा धानाचा एक तुकडा होता. त्यातल्या झोपडीत मी राहिले. सासू काठावरच्या दगडावर भात ठेवून जायची, ती लांब गेली की मी उचलायचे.

पाटलाची गाडी मात्र दोरीखालून ये-जा करतच होती. साठवलेलं धान गोंदियाच्या गिरणीत पोचवायचं होतं. धानाला ताप येत नाही, असं पाटलाचं म्हणणं. गाडी हाकायला माझा नवरा. जाता-येता तो झोपडीजवळ बैल थांबवायचा.

"पोरगी बरी हाये. थोडी रडते."

"तुम्ही काऊन खोकलून रायले?"

"गिरणीतला कोंडा," तो म्हणाला.

मग एक दिवस गाडीवर दुसराच माणूस दिसला. नवरा तापाने पडला होता. पाठोपाठ सासू नाल्यावर येऊन ओरडली, "पोरीचं आंग तापून रायलं वो! पाणी बी घेत नाही."

मी दोरी उचलली आणि आत गेले. दीर काठी उगारून उभा राहिला, पण मारायला जवळ यावं लागतं. तो मागे मागे सरकत गेला आणि मी सरळ घरी पोचले.

मुलगी वाचली. नवराही वाचला. पण तोवर ताप घरोघर गेला होता, दोन-चार म्हातारी माणसं गेली, आणि गावाला दोषी हवा होता. पंच आमच्या अंगणात बसले. त्यांनी सासूला विचारलं, "पोरीले ताप कवा आला? सून यायच्या आधी का मंग?"

"सून आल्यावर," सासू म्हणाली.

"काऊन खोटं बोलता?" मी म्हटलं. "नाल्यावर येऊन हाका कोणी मारल्या?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. खरं सांगितलं असतं तर बोट तिच्या मुलाकडे आणि पाटलाच्या गाडीकडे गेलं असतं. मुलगा शेजारीच गोधडी पांघरून बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो नुसता खोकला. पंचांमध्ये पाटील होताच.

निकाल लागला: पोळ्यापर्यंत मी गावच्या विहिरीला हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी मी नाल्याचं पाणी घेऊन आले. पावसाळ्यातलं पाणी, गढूळच. डोक्यावरचा पाण्याचा गुंड उतरवते तोच सासू म्हणाली, "ते त्याले देऊ नको वो. अजून कमजोर हाये तो. त्याच्यासाठी मी विहिरीचं आणलं."

विहिरीचा गुंड त्याच्या खाटेखाली झाकून ठेवला होता. मी तो उचलला, मुलीला पाजलं, उरलेलं तिच्यासाठी माझ्या खोलीत नेऊन ठेवलं. सासू दारात उभी होती. तिने अडवलं नाही. नवऱ्याने पाणी मागितलं तेव्हा मी नाल्याचा गुंड त्याच्यापुढे सरकवला.