एकोणीस ते बत्तीस

मैलबुवांना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता उरलं नव्हतं. रस्ते खात्यात त्यांनी चौतीस वर्षं मैलकुली म्हणून काढली. खात्यात ह्या पदाच्या खाली फक्त रस्ताच. वाट्याला आलेल्या रस्त्याचे खड्डे भरायचे, गटारं मोकळी करायची आणि मैलांचे दगड रंगवायचे. पहिली दोन कामं सगळेच रडतखडत करत, पण तिसऱ्या कामात मैलबुवांचा जीव होता. चुन्यात डिंक कालवून दोन हात द्यायचे, वाळला की कोरलेल्या आकड्याच्या खाचेत बारीक कुंचल्याने काळा रंग भरायचा. रंग खाचेबाहेर केसभर सांडला तरी त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नसे. बायको म्हणायची, "एवढं लक्ष माझ्याकडे दिलं असतंत, तर संसाराचं सोनं झालं असतं."

पुढे मैल जाऊन किलोमीटर आले. मग डोंगरातून बोगदा निघाला, नवा रस्ता तिकडून धावू लागला आणि जुना पोरका झाला. त्याचे दगड ज्याला हवे त्याने नेले, कुणी पायरीला, कुणी धुणं आपटायला. एकोणीस ते बत्तीस असे चौदा मात्र वाचले, कारण मैलबुवांनी त्यांच्यापुढे मुद्दाम झुडपं वाढू दिली होती. निवृत्तीनंतरही ते तिकडे जात, पावलं मोजत. एकवीसशे पावलं झाली की झुडूप बाजूला करायचं, दगड तिथे असायचाच. "जागेवर आहे तोवर दगड खरं बोलतो," ते म्हणत. "हलवला की नुसता धोंडा."

त्यांच्याखेरीज ह्या जागा एकालाच ठाऊक होत्या. तो त्यांचा मेहुणा. त्याला खात्यात चिकटवला मैलबुवांनीच आणि कुंचला धरायलाही त्यांनीच शिकवलं होतं.

एका सकाळी हा मेहुणा घरी आला. "दाजी, चांगली बातमी आहे. खात्याचे लोक जुने दगड नोंदवणार आहेत, आहे त्या जागेवरच जपणार आहेत. तुम्ही झुडपं तोडून ते रंगवून ठेवा, म्हणजे गाडीतून दिसतील."

मैलबुवांचे डोळे भरून आले. जन्मभर ज्या कामाला कुणी काडीची किंमत दिली नाही, त्याची कुणीतरी दखल घेत होतं. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, गुडघे बोलत असताना, ते नऊ दिवस विळा आणि चुन्याची बादली घेऊन राबले. असा हात त्यांचा तरुणपणीही बसला नव्हता. बायको एरवी उन्हात जाण्यावरून घर डोक्यावर घ्यायची. ह्या वेळी तिने मुकाट्याने डबा बांधून दिला. तिलाही कौतुक वाटतंय, असं समजून ते सुखावले.

दहाव्या दिवशी बत्तिसावर दुसरा हात द्यायला गेले, तर तिथे खड्डा होता. माती ओली, बाजूला ट्रकची चाकं उमटलेली. एकतिसावा, तिसावा, सगळीकडे तेच. भरल्या घरात चोरी व्हावी तसं त्यांना झालं. तरी सवयीने पावलं मोजत ते थेट एकोणिसाव्यापर्यंत चालले.

तिथून नव्या रस्त्याचा फाटा दिसतो. फाट्यावर नवं हॉटेल उघडत होतं, आणि गाड्या लावायच्या जागेपुढे चौदा दगड ओळीने उभे केले होते, पाच-पाच पावलांवर. एकोणीस, त्याच्याशेजारी सव्वीस, मग एकवीस. कुणी आकडे वाचायचीही तसदी घेतली नव्हती. दगडांना पाणी मारून माती धूत होता मेहुणा.

"तू?" मैलबुवा एवढंच म्हणाले.

मेहुण्याने पाइप खाली ठेवला. "रानात सडूनच जायचे ना दाजी ते? इथे दहा लोक बघतील. मालकांना तुमचा हात फार आवडला. माझ्या थोरल्या मुलीला त्यांनी काउंटरवर घेतलंय."

"खात्याचे लोक?"

"तसं सांगितलं नसतं तर तुम्ही ऐकलं असतं?" तो नजर चुकवत म्हणाला. "आणि मी काही चोरून नाही केलं. ताईला विचारलं होतं."

ज्याला बोट धरून आणला त्याने केसाने गळा कापला, हे मैलबुवांनी कसंबसं गिळलं. माणसं अशीच, म्हणून सोडूनही दिलं असतं. पण ताईचं नाव आलं आणि त्यांना तिथे उभं राहवेना.

घरी बायको भाजीच्या शेंगा सोलत बसली होती. ते दारातूनच म्हणाले, "तुला माहीत होतं."

तिने हात थांबवले. "भाचीला कुठे काम लागत नव्हतं. दगडच होते ना हो ते."

"मला सांगायचंस. मी विचार केला असता."

"तुम्ही?" तिचा आवाज चढला नाही, उलट खालीच आला. "माझ्या बाळंतपणाच्या दिवशीसुद्धा तुम्ही सत्तावीस रंगवत होतात. निरोप मिळूनही, वाळल्यावर येतो म्हणालात. तुम्ही माझं ऐकलं असतंत?"

दगा तर झालाच होता, आणि तो कुणापाशी बोलून दाखवावा, तर चाळीस वर्षं असं माणूस एकच होतं, आणि ते समोरच बसलं होतं. मैलबुवा तिच्यासमोर खाली बसले आणि तिच्याकडे न बघता शेंगा सोलू लागले.