डागवाल्या बाई

वेधशाळेत तिला सगळे डागवाल्या बाई म्हणत. काम काय, तर दुर्बिणीतून सूर्याची वाटोळी प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडायची आणि तिच्यावरचे काळे डाग पेन्सिलीने जिथल्या तिथे गिरवायचे. लोकांची उणीदुणी काढायला फुरसत नाही म्हणून सूर्याची काढते, असं तीच हसत सांगायची. लग्नबिग्न केलं नाही. धाकट्या भावाला लहानाचा मोठा केला, तर तो पठ्ठ्या मासेमारीची होडी घेऊन समुद्राच्या नादी लागला.

त्याच्याशी बोलताना एकदा तिच्या तोंडून निघून गेलं, की सूर्यावर डाग वाढले की वादळं कमी होतात असं काही अभ्यासक म्हणतात. "म्हणतात हं, सिद्ध कुठे झालंय!" हेही ती म्हणाली होती. पण भावाने सोयीचं तेवढं उचललं. खोल समुद्रात निघताना दर वेळी विचारायचा, "ताई, डाग आहेत ना?"

या खेपेलाही विचारलं.

"अंगभर देवी आल्यात सूर्याला," ती म्हणाली. तो हसत गेला.

आज वादळाचा इशारा आला आणि होडीचा रेडिओ गप्प झाला. बाहेर वारा साफ पडला होता. पितळेसारखा पिवळा उजेड, आणि एक पाखरू ओरडेल तर शपथ. घुमटाखालच्या अंधारात कागदावर सूर्य थरथरत होता. डाग कालच्याहूनही जास्त होते. पण वादळं कमी म्हणजे मुळीच नाहीत असं थोडंच असतं! त्या वेड्याला हे कानीकपाळी ओरडून सांगायला हवं होतं.

दार ढकलून भावजय आत आली. पायात चपलासुद्धा नव्हत्या.

"ताई, आहेत ना डाग?"

"आहेत गं. खूप आहेत."

"मग हे येतील." ती कागदावर वाकून पुटपुटत डाग मोजू लागली आणि थबकली. "हा एक राहिला तुमचा."

कडेला खरंच एक काळा ठिपका होता. बाईंनी दुर्बिणीला हलकेच टिचकी मारली. सूर्य हलला, त्याच्यासोबत सगळे डाग हलले. ठिपका होता तिथेच राहिला.

"धूळ आहे ती, भिंगावरची."

"गिरवा ना तोही."

"अगं, तो सूर्यावर नाहीये."

"गिरवा ना, ताई."

मागे दार धाडकन आपटलं. वारा सुटला होता.

बाईंनी पेन्सिलीला टोक केलं आणि ठिपका गिरवला, चांगला गडद. मग दोघी मिळून आणखी धूळ शोधू लागल्या.