उतरवलेला आवाज

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरीला नाही, आणि जिला सांगायला पाहिजे होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असाल तर एवढंच, की हदगावात मंडप आणि साऊंडचा भाव ठरवताना या माणसाशी वाद घालू नये.

ते खरं आहे. मी भाव तोडू देत नाही. सायकलच्या कॅरियरला एक भोंगा बांधून सुरुवात केली. आज हदगावपासून उमरीपर्यंत सभा असो की लग्न, माणसं माझ्या स्पीकरच्या पेट्यांतून बोलतात. आणि एवढं करून माझं नाव एकाही स्टेजवरून नीट घेतलं गेलेलं नाही. आभार मानताना यांना हारवाला आठवतो, आचारी आठवतो. ज्याच्यामुळे तुमचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, तो? ‘आणि साऊंडवाले.’ वाले! हा राग मी सोडणार नाही. पण तो आजचा विषय नाही — की आहे?

गेल्या थंडीत नांदेडला लोकसंगीताचा महोत्सव झाला. साऊंड माझा. पाहुण्यांत पश्चिम आफ्रिकेतली एक गायिका होती. माली नावाच्या देशातली, तिथल्या वाळवंटातली. साठीच्या पुढची बाई, निळं वस्त्र डोक्यावरून घेतलेलं. सोबत आणखी दोघी. आणि वाद्य काय, तर धान्य कांडायचं उखळ! त्याच्या तोंडावर बकरीचं कातडं ताणलेलं. मी मनात म्हटलं, आता माईक काय उखळात घालू?

दुपारी त्या माईक तपासायला आल्या. आपल्याकडं गाणारा कुणीही असो, त्याला इको लागतो. देवीच्या गाण्याला तर भरपूर. मी सवयीनं बटण फिरवलं. बाई थांबली. तिची भाषा जाणणारी पुण्याची एक मुलगी सोबत होती, ती म्हणाली, त्यांना इको नको आहे. मी थोडा कमी केला. तरी नको. आणखी कमी केला. तरी बाई हात हलवतेच आहे. मग माझं डोकं फिरलं.

“मॅडम, त्यांना सांगा, माझ्या मशीनवर मला शिकवू नका म्हणावं. इको काढला की आवाज उघडा पडतो.”

मुलीनं बहुतेक जसंच्या तसं सांगितलं असावं, कारण बाई हसली. “त्या म्हणतात, उघडाच पाहिजे. त्यांच्याकडच्या रानात आवाज परत येत नाही.”

मी रागानं सगळं शून्यावर आणलं. घे म्हटलं, गा आता कोरडं.

आणि ती गायली.

कसं सांगू? शब्द एक कळला नाही. जाडसर, बसका, कडेला जरासा फाटलेला आवाज. एकीचा हात उखळावर, दुसरीच्या टाळ्या. ही एक ओळ टाकायची, त्या दोघी उचलायच्या, मग हिची तीच ओळ, पण किंचित वरून. गोड लागावं म्हणून कसली धडपड नाही. समोर रिकाम्या खुर्च्या होत्या आणि ती जणू फार लांब उभ्या असलेल्या कुणाला तरी हाक मारत होती. माझा हात मिक्सरवर तसाच राहिला. असा आवाज मी ऐकलेला होता. त्या आवाजातच लहानाचा मोठा झालो होतो — माझ्या अक्काच्या.

अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तिनं मला वाढवलं. ती माहूरच्या रेणुकेची आराधीण. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी; मंगळवारी-शुक्रवारी घरोघर जोगवा मागायचा आणि देवीची गाणी म्हणायची. त्या जोगव्याची ज्वारी विकून माझा पहिला भोंगा आला. स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलो, असं मी जिथंतिथं सांगतो, आणि सांगताना ती ज्वारी गाळतो. पण ही माझी कबुली नाही. ही सोपी होती, म्हणून आधी सांगून टाकली.

नांदेडच्या त्या महोत्सवाआधी पोरीचं लग्न लातूरला झालं. व्याही शिकलेले, शिकवणी वर्ग चालवणारे. आमच्या घरात लग्नानंतर देवीचा गोंधळ घालावाच लागतो, तो माझ्या दारात ठेवला. मांडव माझा, सिस्टीम माझी, मिक्सरवर मी स्वतः. अक्कानं दिवसभर उपास धरला होता. संबळ वाजायला लागला, तिनं पहिली ओळ उचलली आणि मी अभिमानानं तिचा आवाज वाढवला. हो, आधी वाढवला. मग शेजारच्या खुर्चीतून व्याही माझ्याकडं वाकले.

“काय पाहुणे, जोगवा मागणाऱ्या बाईलाही माईक? लईच स्वस्त केली की सिस्टीम!”

ती माझी बहीण आहे हे त्यांना माहीत नव्हतं; लग्नाच्या गर्दीत ओळख करून द्यायची राहून गेली होती. मी सांगितलं का? साऊंडच्या भावासाठी भर बाजारात कुणाचीही गचांडी धरणारा मी — त्या क्षणी हसलो. आणि माझं बोट मिक्सरवर अक्काच्या माईकच्या बटणावर गेलं.

आवाज मी एकदम बंद केला नाही. केला असता तर माईक बिघडला असं तिला वाटलं असतं. मी या कामात मुरलेला माणूस आहे. हळूहळू उतरवला, दर ओळीला थोडा. संबळ तसाच ठेवला. पेटीतून स्वतःचा आवाज येईना, तशी ती जोर लावायला लागली. मान ताणली, गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या, आवाज चिरकला. मी आणखी उतरवला. अर्ध्या गाण्यात ती थांबली. उरलेलं गोंधळ्यानं पूर्ण केलं.

पाहुणे गेल्यावर माझ्यापाशी आली. “बापू, माझा आवाज गेला का रं?”

मी वायर गुंडाळत होतो. “वय झालं, अक्का. आता आराम कर,” म्हणालो.

तेव्हापासून ती गायलेली नाही. अजून परडी घेऊन जाते, पण लोकांच्या दारात नुसती उभी राहते.

नांदेडच्या कार्यक्रमानंतर त्या बाईची गाणी मी मोबाईलवर शोधून काढली. टेम्पोत तीच लावतो. ड्रायव्हर कुरकुरतो, “मालक, हे काय ऐकून राहिले? झोप यायली मला.” मी त्याला गप्प बसवतो. ऐकता ऐकता ठरवलं, अक्काला सगळं सांगायचं. मी एकदा ठरवलं की करतो. तसा गेलोही.

अक्का अंगणात तूर पाखडत होती. मी मोबाईलवर त्या बाईचं गाणं लावलं.

तिचं सूप थांबलं. “कुठली रं ही?”

“लई लांबची. आफ्रिकेतली. वाळवंटात राहते.”

“आराधीणच हाय की!” तिनं मोबाईल हातात घेऊन चित्र निरखलं. “माळ न्हाई दिसत गळ्यात.”

“तिकडं रेणुका नाही, अक्का.”

“न्हाई कशी? मग एवढं कुणाला बोलावून राहिली ही?”

मी हसलो. तीही हसली. मग तिची बोटं सुपाच्या काठावर वाजायला लागली. त्या दोघींनी ओळ उचलली आणि त्यांच्यामागून, अगदी हलक्यानं, अक्कानंही उचलली. शब्दाशिवाय, नुसता सूर. तोच आवाज होता, जाडसर, कडेला फाटलेला. कुठंही गेलेला नव्हता. आता सांग, मी स्वतःला म्हटलं. आत्ता.

तेवढ्यात तीच थांबली. हात गळ्याशी नेला.

“हिचं बरं हाय. माझ्याच वयाची दिसती, पन हिचा गळा ऱ्हायला. माझा देवीनं परत घेतला.” मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, “सेवेत माझंच काही चुकलं असंल ना रं, बापू?”

मी सगळ्यांना उत्तर देतो. व्यापाऱ्याला, पुढाऱ्याला, हवालदाराला. मला शब्द कमी पडले असं कधी झालेलं नाही, त्या दिवशीही झालं नाही.

“असंल, अक्का,” मी म्हणालो.

गोंधळाला शेजारी व्याही होते. त्या अंगणात आम्ही दोघंच होतो.