वनमालाचं काम, विश्वेश्वराचा अर्ज

घाटनांदूरच्या बाजारात शंकरप्पांचं भांड्याचं दुकान आहे. लग्नसराईत रुखवताची पितळी भांडी, एरवी स्टीलचे डबे, कुकरच्या शिट्ट्या आणि रबरं. गिऱ्हाइकानं घेतलेल्या भांड्यावर नाव घालून देण्याचं काम शंकरप्पा कुणावर सोपवत नाहीत. चष्मा नाकावर ओढून, मशीन हातात धरून ते स्वतः एकेक अक्षर कोरतात.

त्यांचा थोरला मुलगा विश्वेश्वर पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर डेव्हलपर होता. दवाखान्यांत केसपेपर काढायचं सॉफ्टवेअर ती कंपनी बनवायची. त्याला तिथं दोन वर्षं झाली आणि एका सोमवारी कंपनीनं तो विभागच बंद केला. फेब्रुवारीत विशू बॅग घेऊन घरी आला. "थोडे दिवस," असं तो आईला, नीलम्माला म्हणाला होता. आखाड लागला तरी ते थोडे दिवस सरेनात.

तो काही हातावर हात धरून बसला नव्हता. सकाळी अंघोळ उरकून दुकानाच्या माडीवर जायचा आणि संध्याकाळपर्यंत अर्ज टाकत राहायचा. जागा कसली, कंपनी काय करते, काय येणारा माणूस पाहिजे, हे वाचायच्या भानगडीत तो पडत नसे. लग्नाच्या पत्रिका वाटाव्यात तसा एकच रेझ्युमे सगळ्यांना. चारशेच्या वर अर्ज गेले. उत्तरं आली ती मशीननं धाडलेली. पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा, बस्स.

त्या रेझ्युमेत सांगण्यासारखं काही नाही असं त्याला वाटायचं. दोन वर्षं आपण दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या, हे काय काम झालं? लोक नवीन काहीतरी उभं करतात. वनमालानं केलं होतं तसं.

वनमाला त्याची कॉलेजातली मैत्रीण, आष्टीकडची. आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे. ती शिकली, पण नोकरी लागेना म्हणून आष्टीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होती. दर रविवारी दोघं व्हिडिओ कॉलवर सराव म्हणून एकमेकांच्या खोट्या मुलाखती घ्यायची. तेवढा एक तास विशूला आपण एकटे नाही असं वाटायचं.

तिनं एक ॲप बनवलं होतं. ऊसतोडीला गेलेल्यांच्या लेकरांचे लशीचे डोस चुकतात. गाव सुटतं, कारखाना बदलतो, नोंद कुठंच राहत नाही. तिच्या ॲपमध्ये कारखाना बदलला की लेकराची नोंदही बरोबर जायची आणि डोसाचा दिवस आला की आईबापाला बोलता फोन जायचा, कारण मेसेज वाचणार कोण? विशूनं तिला एकदा विचारलं होतं, "एका नंबरावर अकरा लेकरं कावून टाकलीस?"

"आरं, तिथं फोन माणसाचा नसतोय, कोपीचा असतोय," ती म्हणाली होती. कोपी म्हणजे पाचटाची झोपडी; तिचा जन्म तसल्याच एका कोपीतला. "आन् कवा कवा चार कोप्यांत मिळून एकच फोन."

जूनमध्ये चुका तपासायला तिनं सगळं काम विशूला पाठवलं. त्यानं दोन चुका काढूनही दिल्या. मग एका दुपारी एका कंपनीची जाहिरात आली. आरोग्याचं सॉफ्टवेअर करणारी पुण्याची कंपनी. विशूनं रेझ्युमे उघडला आणि लिहिलं, 'ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी लसीकरण ॲप, सहभाग.' ते वाचून बघितलं. मग 'सहभाग' खोडला. दोन चुका आपणच काढल्यात की, असं त्यानं मनाला सांगितलं. आणि मन तर सांगू ते ऐकायला बसलेलंच होतं.

आठवड्यात बोलावणं आलं. मुलाखत व्हिडिओ कॉलवर; घेणारे अमरसिंह सर पन्नाशीचे, शांत बोलणारे. बाकी प्रश्न झाले, विशूनं ॲप चालवून दाखवलं आणि त्यांनी नेमकं तेच विचारलं. एका नंबरावर अकरा मुलं का?

विशू म्हणाला, "सर, तिथं फोन माणसाचा नसतो, कोपीचा असतो."

अमरसिंह सर खुर्चीत पुढं सरकले. "वा," ते म्हणाले. "हे ऑफिसात बसून सुचणारं नाही."

त्या दिवशी विशू माडीचा जिना उड्या मारत उतरला. वनमालाला मात्र त्यानं काही कळवलं नाही. निवड झाली की सांगू, म्हणाला. पुढच्या रविवारी अंग मोडून आल्याचं सांगून त्यानं कॉलच टाळला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. आवाज बसलेला.

"विशू, माझी मुलाखत झाली काल. तुला मुद्दाम न्हाई सांगितलं, लागली तरच सांगणार होते." तिनं कंपनीचं नाव घेतलं. तीच कंपनी, अमरसिंह सरांची. "म्यां ॲपचं सांगितलं. त्यो सर ऐकतच न्हाई. म्हणाला, हे काम आमी आधी बघितलंय, दुसऱ्या उमेदवाराचं हाय. मी कोपीचं सांगाया लागले तर म्हणतो, बाई, वाक्यसुद्धा तेच पाठ केलंय तुमी. आन् कॉल तोडला."

विशूनं समोरचा लॅपटॉप मिटला.

"कॉलेजच्या स्पर्धेत दाखवलं होतं ना, तिथून कुणीतरी उचललं असंल," तीच पुढं म्हणाली. "मला चोर म्हणला रे त्यो. माझ्या आईच्या कोपीचं, आन् मी चोर."

"लई वाईट झालं," विशू म्हणाला. तेवढंच म्हणाला.

त्याच कंपनीतली त्याची दुसरी मुलाखत दोन दिवसांवर होती. जाऊ नये, हे त्याला कळत होतं. पाच महिने माडीवर काढलेत, हेही कळत होतं. तिला दुसरीकडं लागेल, ती हुशार आहे, असलं काहीबाही घोळवत त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला आणि लॅपटॉपसमोर बसला.

अमरसिंह सर आज मोकळेपणानं बोलत होते. शेवटी म्हणाले, "एका गोष्टीबद्दल सावध करतो. एक मुलगी तुमचंच काम स्वतःचं म्हणून सांगत होती. आम्ही तिला तिथंच थांबवलं. काम सांभाळून ठेवत जा."

"हो, सर," विशू म्हणाला. "थँक यू, सर."

गुरुवारी निवडीचं पत्र आलं. शंकरप्पांनी दुकान अर्ध्या दिवसात बंद केलं, पेढे आणले आणि शेजारच्या बारा दुकानांत स्वतः वाटले. नीलम्मानं महादेवाला नारळ फोडला. विशूच्या हातावर पेढा ठेवला तेव्हा त्यानं तो परत खोक्यात ठेवला. आई म्हणाली, "काय झालं रे? तोंड कशानं उतरलंय?" तो उठून मोरीत गेला आणि नळ सोडून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, पाटोदा अशा गाड्या बदलत तो आष्टीला पोचला आणि तिथून जीपनं तिच्या वस्तीवर. बोलायचं काय, हे वाटेत दहा वेळा जुळवलं होतं. पण वनमालाच्या आईनं, बायनाबाईनं, "ये लेकरा, उन्हाचा आलास," म्हणून पाण्याचा तांब्या पुढं केला आणि जुळवलेलं सगळं सांडलं.

वनमाला क्लासवरून आली तशी तो उभा राहिला. "वनमाला, त्यो दुसरा उमेदवार मी होतो."

तिनं आधी हसून बघितलं. मग हसू राहिलं नाही. पिशवी खुंटीला अडकवली, ओसरीच्या कडेला बसली.

"म्यां फोन केला तवा तुला ठावं होतं?"

"होतं."

"आन् नंतर परत गेलतास मुलाखतीला?"

"गेलतो. निवड झाली. आज त्यांना सगळं लिहून कळवणार हाय. पण आधी तुला..."

बायनाबाईला मुलाखतीतलं काही कळलं नसावं, पण लेकीचा चेहरा तिला कळत होता. ती आत गेली.

वनमालानं पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. मग म्हणाली, "तुझं काय होतं ते कावून सांगितलं न्हाईस? त्या दवाखान्यात एकाच दिवशी दोन गीताबाई आल्या, रिपोर्टची अदलाबदल झाली. तू दोन दिवस केसपेपरच्या खिडकीत जाऊन बसलास, बाया नाव कसं सांगतेत ते ऐकलंस, मग दुरुस्त केलंस. मला तासभर सांगितलं होतंस. किती भारी वाटलं होतं मला. ते तुला काम वाटलं न्हाई?"

विशूनं रिकामा तांब्या उचलून ओसरीवर ठेवला.

"जा आता," ती म्हणाली. "गाडी न्हाई मिळायची परत."

बसमध्येच त्यानं अमरसिंह सरांना पत्र लिहिलं. काम वनमालाचं, वाक्य तिचं, माझ्या फक्त दोन दुरुस्त्या, तुम्ही जिला थांबवलं ती खरी. कारणं लिहिली होती ती खोडली. पाठवायचं बटण दाबलं आणि मांजरसुंब्याला उतरून रस्त्याकडेला नुसता उभा राहिला.

तीन ओळींचं उत्तर आलं. निवड रद्द. त्या उमेदवाराशी आम्ही बोलू. कळवल्याबद्दल आभार. त्यांनी वनमालाला फोन करून माफी मागितली हे विशूला तिच्याच मेसेजवरून कळलं. पण त्या जागा तोवर भरल्या होत्या, विशूची सुटलेलीसुद्धा. पुढं निघाल्या तर विचार करू, म्हणाले. 'माफी मिळाली, जागा न्हाई,' तिनं लिहिलं होतं. त्यानंतर तिचा रविवारचा कॉल आला नाही. करायची विशूची छाती झाली नाही.

शंकरप्पांना त्यानं दुकानातच सांगितलं. ते एका पातेल्यावर नाव घालत होते. सगळं ऐकून घेतलं, मशीन बंद केलं.

"चाळीस वर्सं झाली मला नावं घालताना," ते म्हणाले. "एकाच्या भांड्यावर दुसऱ्याचं नाव कवा घातलं न्हाई." आणि थोड्या वेळानं, "पेढे वाटलेत म्यां. लोक विचारतेल. काय सांगायचं ते तूच सांग त्यांना."

विशूनं सांगितलं. बारा दुकानांत. बाराव्या दुकानापर्यंत त्याला ते न अडखळता सांगता यायला लागलं होतं, आणि त्याचीही त्याला लाज वाटली.

अर्ज टाकणं त्यानं पंधरा दिवस बंद ठेवलं. वही घेऊन दोन वर्षांत खरोखर काय काय केलं ते लिहीत बसला. गीताबाईंची अदलाबदल. जन्मतारीख माहीत नसलेल्या म्हाताऱ्यांचं वय घ्यायची सोय. वीज गेल्यावर अर्धवट राहिलेला केसपेपर पुन्हा जिथल्या तिथं उघडणं. पाच पानं भरली. नवीन असं त्यात काहीच नव्हतं, पण आपण कशाला उपयोगी पडतो हे त्याला पहिल्यांदा दिसलं. मग त्यानं दवाखान्यांसाठी काम करणाऱ्या कंपन्या शोधल्या, त्या काय करतात ते वाचलं, पुण्यातल्या जुन्या वरिष्ठांना फोन करून कुठं माणूस लागतोय ते विचारलं. महिनाभरात अर्ज गेले फक्त अकरा. प्रत्येक वेगळा, प्रत्येकात त्या जागेला लागणारं तेवढंच. चार ठिकाणांहून बोलावणं आलं.

लातूरच्या कंपनीत मुलाखत घेणाऱ्या कावेरी मॅडमनी विचारलं, "मधल्या काळात कुठं निवड झाली नव्हती?"

'नाही' म्हटलं असतं तर कुणाला कळणार नव्हतं. विशूनं झालं ते सांगितलं. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "बरं. आता त्या दोन गीताबाईंचं सांगा."

दसऱ्याच्या आधी तो लातूरला रुजू झाला. पगार पुण्यापेक्षा कमी, काम जुनंच: दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करायचं. या खेपेला शंकरप्पांनी पेढे आणले नाहीत, विशूनंही विषय काढला नाही.

वनमालासारखीला चालतील अशा जागा दिसल्या की तो तिला पाठवायचा. कंपनी काय करते, कुणाशी बोलायचं, एवढंच लिहून. उत्तर येत नसे. माघात कॉलेजातला दोस्त उत्तरेश्वर बोलता बोलता म्हणाला, "वनमाला लागली बे नगरला. स्वतःच्या हिमतीवर. तुला न्हाई सांगितलं व्हय?"

विशूनं जेवणाच्या सुट्टीत तिला मेसेज केला. 'उत्तरेश्वरकडून कळलं. लई आनंद झाला.' अर्ध्या तासानं उत्तर आलं. 'थँक्स.'

त्या एका शब्दाकडं तो बघत बसला. त्यात माफी होती का नुसता उरकून टाकलेला शिष्टाचार, हे काही कळेना, आणि विचारावं तर ते विचारायला आपल्याला तोंड नाही. डब्याचं झाकण लावून तो उठला. आत एका दवाखान्याचा फोन वाजत होता. सकाळपासून त्यांचे केसपेपर निघत नव्हते.