मनी म्हणजे घर

आमच्या मांजरीचं नाव मनी होतं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मराठी घरांतल्या निम्म्या मांजरींचं नाव मनीच असतं. पण आम्ही हुबळीतले, दुर्गदबैलाच्या बाजारातले धान्याचे व्यापारी, आणि आमच्याकडच्या कन्नडात मनी म्हणजे घर. त्यामुळे सासूबाई मागच्या दारातून "मनी कुठं गेली गं?" म्हणून ओरडल्या, की पोती उतरवणारे हमाल हसायचे. "अक्का, मनी कुठं जाईल? मनीतच उभ्या आहात की तुम्ही!" हा विनोद दिवसाआड व्हायचा आणि सासूबाई दर वेळी नव्यानं चिडायच्या.

दुकान खाली, आम्ही वर. धान्याच्या दुकानात मांजर हे काही कौतुकाचं जनावर नव्हे. तराजू असतो, मापं असतात, तसं मांजर असतं. मनी पिल्लू असताना दुकानाचं शटर तिच्या शेपटीवर पडलं होतं, आणि शेपटीचं टोक दोन बोटं वाकडं होऊन तसंच राहिलं. तेव्हापासून ती कुणाच्या हाताला लागत नसे. मी मिरजेकडून लग्न होऊन आले ती नव्वद सालच्या सुमारास. कन्नडचा एक शब्द येत नव्हता. आमचे हे दिवसभर गल्ल्यावर, आणि सासूबाई बोलायच्या त्या माझ्याशी नव्हे, माझ्याबद्दल. दुपारी मनी येऊन माझ्या पायांवर झोपायची. मी तिच्याशी बोलायचे. हसा खुशाल, पण त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. मी जिन्यात उभी राहून एकदा "मनी" म्हटलं, की असेल तिथून यायची. दुसऱ्या कुणाच्या हाकेला कधी आली नाही.

दोन वर्षांनी मला मुलगी झाली. बाळंतपण करून मी माहेरून परत आले, त्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "मांजर आणि तान्हं पोर एका घरात नको. दुधाच्या वासानं पाळण्यात शिरतं, तोंडावर बसतं." त्यांच्या माहेरी असं झालं होतं म्हणे. सासूच्या माहेरी काय काय झालं होतं, ते तपासायची सोय नसते. मांजर मारायचं तर पाप. काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं. तेव्हा पोत्यात घालून लांब सोडून यायचं. पोत्यात अशासाठी, की तिला वाट दिसू नये. वाट दिसली की मांजर परत येतं.

प्रश्न एवढाच होता, की तिला धरणार कोण. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मुगाचा धंदा करणारं घर आमचं. मीही मूग गिळले. जिन्यात उभी राहिले आणि "मनी" म्हटलं.

ती आली. पोत्याच्या तोंडाला सुतळीची गाठ मीच मारली. ह्यांनी पोतं स्कूटरवर पायांशी ठेवलं, आणि तासाभरानं परत येऊन सांगितलं, "रायापूरच्या पुढं सोडली. शेतात पळाली." त्या दिवशी मी पोटभर जेवले. अंगावर पाजत होते, भूक लागायची.

लेक मोठी झाली तशी तिला मनीची गोष्ट रोज लागायची. शटर, वाकडी शेपटी, हमालांचा विनोद, सगळं तिला पाठ. पोर माझी गुणी, पहिल्या हाकेला धावत यायची, जेवायला बसायची आणि विचारायची, "मग मनी कुठं गेली?"

"मांजर सात घरं फिरतं," मी सांगायचे. "आपलं सातवं होतं. मग ती आठव्या घरी गेली."

तिला ते पटायचं. सांगून सांगून मलाही पटत आलं होतं.

ती नऊ वर्षांची झाली तोवर आम्ही देशपांडे नगरात राहायला गेलो होतो. तिथं तिनं हट्ट धरला, मांजर पाहिजे. मला वाटलं सासूबाई अडवतील. तर त्या म्हणाल्या, "आण की! मी कधी नको म्हटलंय?" धन्य आहे बाई, दुसरं काय म्हणायचं!

लेकीच्या शाळेत कुणीतरी सांगितलं होतं, की रायापुरात एक निवृत्त नर्सबाई आहेत, त्या रस्त्यावरची, टाकलेली मांजरं सांभाळतात, आल्यागेल्याला चहा देतात आणि माणूस पसंत पडलं तर मांजर देतात. रायापूर म्हटल्यावर मी आधी नाहीच म्हटलं. पण नऊ वर्षं झाली होती, आणि नऊ वर्षांत रस्त्याकडेला किती मांजरं मरतात ते मी बघितलं होतं. रविवारी दुपारी आम्ही मायलेकी बसनं गेलो. लेकीला मांजर मिळावं, आणि मनीचं खरं काय झालं ते तिला कधी कळू नये, एवढंच मला पाहिजे होतं.

घर कौलारू, पुढं लांब पडवी. पडवीत चार बाक, आणि प्रत्येक बाकावर माणसांपेक्षा मांजरं जास्त. धारवाडची कॉलेजची मुलं चहा पीत बसली होती. एकाच्या पेपरवर मांजर झोपलं होतं, तर तो उरलेल्या अर्ध्या पानातच बातमी वाचत होता. चहा मिळायचा आणि गिरमिट, म्हणजे हुबळीकडची चुरमुऱ्यांची भेळ, दुसरं काही नाही. भिंतीवर कन्नडात खडूनं लिहिलं होतं : इथं मांजराला कुणी हाक मारायची नाही. त्याला वाटलं तर ते येईल.

"बर्री, कुंद्री," बाई म्हणाल्या. या, बसा. साठीच्या पुढच्या, केस बारीक कापलेले, पदर घट्ट खोचलेला. मलाही एव्हाना कन्नड येत होतं. घर स्वतःचं का, कुत्रं आहे का, गच्चीला कठडा आहे का, असं विचारत विचारत त्या म्हणाल्या, "आधी मांजर होतं घरात?"

चोराच्या मनात चांदणं. "होतं," मी म्हटलं. "गेलं निघून."

"सात घरं फिरलं," लेकीनं पुस्ती जोडली.

थोड्या वेळानं एक राखाडी पिल्लू आपणहून आलं आणि लेकीच्या फ्रॉकवर चढून झोपलं. अर्धा तास पोर हलली नाही. गिरमिट पुढ्यात मऊ पडलं, पाय आखडला, तरी हलली नाही. इतकी सुखात मी तिला त्याआधी कधी बघितली नव्हती. बाई म्हणाल्या, "झालं. तिनं तुला निवडलं. घेऊन जा."

मी पिशवी उघडलीसुद्धा. पण चार वाजले होते, मांजरांच्या जेवणाची वेळ. बाईंनी थाळीवर चमचा वाजवला तशी सगळीकडून मांजरं आली. "एक राहिली," त्या म्हणाल्या. "म्हातारी आहे. थाळीच्या आवाजाला येत नाही ती, तिचं सगळं वेगळं." मग विहिरीकडं तोंड करून त्यांनी हाक दिली, "नडी, मनीगे!" चल, घरी.

विहिरीमागून एक पिवळी-पांढरी मांजर सावकाश चालत आली. शेपटीचं टोक दोन बोटं वाकडं.

"पहिले दोन महिने कशालाच यायची नाही," बाई सांगत होत्या. "एकदा मी दुसऱ्या मांजराला दटावलं, चल घरी म्हणून, तर ही बाहेर आली. तेव्हापासून हेच म्हणते. घर म्हटलं की येते. कुठलं घर होतं कोण जाणे, अजून विसरलेली नाही."

मी पिशवी घेऊन उठले. पण माझी लेक किंचाळली, "आई, वाकडी शेपटी! अज्जी, ती घर म्हटलं म्हणून नाही येत, तिचं नावच मनी आहे! आमची मनी आहे ती!" आणि आनंदानं माझा हात ओढत म्हणाली, "हेच ते आठवं घर ना गं आई?"

बाईंनी तिच्याकडं नाही, माझ्याकडं बघितलं. मग ताप किती आहे ते सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "ती फिरत फिरत आलेली नाही, बाळ. रस्त्याच्या कडेला पोतं पडलं होतं, तोंड बांधलेलं. हलत होतं म्हणून दिसलं मला. गाठ सुटेना. विळीनं कापली."

शेतात पळाली म्हणाले होते हे. नखांना भिऊन पोत्याचं तोंडसुद्धा सोडलं नव्हतं ह्या माणसानं. आणि मी नऊ वर्षं तिला त्या शेतात पळताना बघत होते.

"पोत्यात कुणी घातलं?" लेकीनं विचारलं. मला, मराठीत.

आजीनं म्हणता आलं असतं, बाबांनी म्हणता आलं असतं, आणि दोन्ही निम्मं-निम्मं खरं होतं. "मी," मी म्हटलं. "माझ्याच हाकेला यायची ती."

"का घातलं?"

"तू झालीस म्हणून."

जीभ झडली असती तर बरं झालं असतं. ह्या वाक्याची मला तेव्हा लाज वाटली आणि अजून वाटते.

हुबळीकडं मराठी सगळ्यांना कळतं, बाईंनाही कळलं. मग म्हणाल्या, "खरं बोललात. उशिरा, पण बोललात. पिल्लू न्या." आणि मी इतकी निर्लज्ज, की मला सुटल्यासारखं वाटलं. पिशवी पुन्हा पुढं केली.

लेकीनं फ्रॉकमध्ये अडकलेली पिल्लाची नखं एकेक करून सोडवली आणि त्याला बाकावर ठेवलं. "ब्याड्री, अज्जी," ती म्हणाली. नको. रडली नाही, काही नाही.

मनी तीन पावलांवर थाळी चाटत होती. "हाक मारून बघा की," बाई मला म्हणाल्या. "ओळखेल तुम्हाला." मी मारली नाही. ती आली असती तर मी काय केलं असतं?

बसमध्ये लेक खिडकीशी बसली. उणकलचं तळं येईपर्यंत फ्रॉकवरचे राखाडी केस वेचत होती. घरी सासूबाईंनी विचारलं, "आणलं नाही का गं मांजर?" तर "नको मला," म्हणून आत गेली. ह्यांना मी पोत्याचं विचारलं. "त्याला काय झालं आता?" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली. मी स्वैपाकघरातून नेहमीसारखी हाक मारली. आली नाही. पुन्हा मारली. तेव्हा सावकाश चालत दारापर्यंत आली आणि चौकट धरून बाहेरच उभी राहिली. आधी माझ्या हातांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"कशाला?" म्हणाली.

"कशाला म्हणजे? खायला," मी म्हटलं आणि हातातली ताटली तिला दाखवली.