साध्या खोक्यातली गोळी

माझा मुलगा औषधांच्या कंपनीत आहे. बॅग घेऊन डॉक्टरांकडे जायचं आणि आमच्या कंपनीची गोळी लिहा म्हणून गळ घालायची, हे त्याचं काम. आम्ही शारजात, रोल्ला भागात राहतो. शनिवारी सकाळी त्याचा एक मित्र येतो, तोही त्याच कामातला. डॉक्टरसमोर काय बोलायचं त्याची दोघे आमच्या हॉलमध्ये तालीम करतात. तालमीला डॉक्टर लागतो. तो डॉक्टर मी.

शाळा माझी चौथीपर्यंतच झाली, पण डॉक्टर मला बरा जमतो म्हणतात. त्यात अवघड काही नाही. समोरच्याकडे बघायचं नाही, फोनकडे बघायचं, आणि तो रंगात आला की म्हणायचं, "बरं, पुढे?"

यंदा कंपनीने एक नवल केलं. साखरेच्या रोगावरची आपलीच महागडी गोळी दुसऱ्या नावाने, साध्या पांढऱ्या खोक्यात, निम्म्या किमतीला काढली. कारखाना तोच, गोळी तीच. महागडं खोकं खपवायचं काम मुलाकडे राहिलं, साधं मित्राकडे गेलं. सख्ख्या भावांनी समोरासमोर दुकानं थाटावीत तसं झालं.

ती गोळी मी स्वतः खाते. गेल्या वर्षापर्यंत ती विम्यात बसत होती. यंदा विमा बदलला आणि आईबापांची जुनी दुखणी त्यातून गेली. महिन्याचं खोकं दोनशे दिरहमचं, म्हणजे पाच हजार रुपयांच्या आसपास. सून तोंडाने काही बोलली नाही, पण फार्मसीतून आली की खोकं टेबलावर जरा आपटायची. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मीही आपटलं असतं.

एका शनिवारी तालीम बाजूला राहिली आणि दोघांची जुंपली.

"डॉक्टरला आपण भरवसा विकतो," मुलगा म्हणाला. "ब्रँडचं इतक्या वर्षांचं नाव आहे."

"नाव पेशंटच्या पोटात जातं का रे?" मित्र म्हणाला. "परवडत नाही म्हणून पेशंट एक दिवस गोळी खातो, एक दिवस चुकवतो. चुकवलेल्या दिवशी तुझा ब्रँड काय करतो?"

"तू डॉक्टरला असं सांगत फिरलास तर माझं टार्गेट खलास."

"तुझं टार्गेट खलास, पण पेशंटची शुगर ताब्यात. जरा मन मोठं कर, हबीबी."

"मन मोठं तू कर. माझ्या इन्सेंटिव्हवर कशाला करतोस?"

मित्र माझ्याकडे वळला. "काकू, तुम्ही डॉक्टर ना? सांगा, कुठली लिहिणार?"

"पेशंट कोण?"

"धरा, तुमच्याच वयाची बाई. विमा नाही, रोख पैसे मोजणारी."

"मग साधं खोकं. आणि धरायचं कशाला? मीच ती."

मित्र टेबलावर थाप मारून हसला. मुलगा हसला नाही. मित्र गेल्यावर म्हणाला, "आई, मी दिवसभर ब्रँड विकतो आणि माझीच आई ते साधं खाते, हे मार्केटमध्ये कळलं तर? पैशांचं मी बघतो. तू विषय काढू नकोस."

त्याच्यापुरता विषय संपला. माझी डॉक्टरकडे जायची तारीख पुढच्या आठवड्यात होती.

हा डॉक्टर केरळचा, आणि मुलाचं जुनं गिऱ्हाईक. मुलगा एरवी तिथे बॅग घेऊन जातो, मला नेतो तेव्हा बॅग नसते, फरक एवढाच. बोलायचं त्या दोघांनी, मी फक्त रक्तासाठी बोट पुढे करायचं. कुठली गोळी लिहायची हे कधी कोणी विचारलंच नव्हतं.

डॉक्टर टाईप करायला लागला तसं मी म्हटलं, "डॉक्टरसाब, इस बार वो सफेद डब्बेवाली लिखो. सस्तीवाली."

मुलाने टेबलाखालून माझा पाय दाबला. साखरेने माझे पाय अर्धे बधिर झालेत, त्यामुळे त्याचा काही उपयोग झाला नाही.

डॉक्टरने हात थांबवले आणि मुलाकडे बघितलं. "अम्मा को सस्ता चाहिए. तुम बोलो, दोनों सेम है? फरक है तो बताओ. मेरा बहुत पेशंट कॅश देता है."

फरक आहे म्हणावं तर आपल्याच कारखान्याला नावं ठेवायची. नाही म्हणावं तर हा डॉक्टर उद्यापासून सगळ्यांना साधं खोकं लिहिणार. मुलाची कोंडी मला दिसत होती. त्याला सोडवायला मी तोंड उघडलं नाही. आई असले म्हणून काय झालं?

मुलाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. तेही त्यानेच भेट दिलेलं.

"सेम है, डॉक्टर," तो म्हणाला. "फॅक्टरी भी सेम."

"तो पहले क्यों नहीं बोला?"

चिठ्ठी साध्या खोक्याची मिळाली.

गाडीत बसल्यावर त्याला कंठ फुटला. "या एका क्लिनिकवर माझं अर्धं टार्गेट निघतं, आई. साहेबाला आता काय सांगू?"

"सांग, डॉक्टरने विचारलं आणि मी खरं ते बोललो."

"तू गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"इतकी वर्षं गप्पच बसले होते. गोळी गिळणार मी, आणि ती कुठली हे सगळे ठरवणार, मी सोडून."

त्याचं टार्गेट हुकलं. इन्सेंटिव्ह गेला. माझ्या गोळीत जे वाचलं त्यापेक्षा ते किती तरी जास्त होतं, हे सुनेने मला एकदा नाही, अनेकदा ऐकवलं. तिचा हिशेब बरोबर आहे. मी पुन्हा तेच बोलेन.

पुढच्या तपासणीला तू आत काही बोलणार असशील तर मी तुला नेत नाही, असं मुलाने परवा बजावलं.

"नेऊ नकोस," मी म्हटलं. "खाली टॅक्सी मिळते. आणि आलास तरी बाहेर बस. साखर माझी आहे."