नानांचा राहिलेला चहा

माझं शिक्षण चौथीपर्यंतच. शुद्धलेखन चुकलं असेल, अक्षरही वेडंवाकडं आहे. वाचलंच कुणी तर माफ करावं. नानांबद्दल तोंडाने कधी बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

नाना कामासाठी आले की आमच्याकडचं पाणीसुद्धा घेत नसत. सासऱ्यांचे ते जुने मित्र. मांजलपूरचं घर विकून, अर्धे पैसे दिरांना आणि अर्धे मला, विधवा सुनेला, द्यायचं काम सासऱ्यांनी मृत्युपत्रात त्यांच्यावर सोपवलं होतं. मेहनतानाही लिहून ठेवला होता. नाना म्हणाले, "मित्राच्या टाळूवरचं लोणी मला पचायचं नाही." चहा विचारला की हात जोडत. "काम संपू दे, सूनबाई. मग आल्याचा करा, दोन कप घेईन."

"आधी देणी, मग वाटणी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण घर विकलं गेलं आणि दीर मागे लागले. "नाना, छोकरीचं लग्न तोंडावर आलंय. माझा भाग द्या ने!" लग्न म्हटल्यावर नाना विरघळले, त्यांचा वाटा देऊन बसले. पंधरा दिवसांत एका पतपेढीचं पत्र आलं. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात सासऱ्यांनी तिथून कर्ज काढलं होतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. दीर म्हणाले, "लग्नात गेले, आता कुठून आणू?" सगळं कर्ज माझ्या वाट्यातून गेलं. माझ्या मुलीची नर्सिंगची फी त्याच पैशांतून भरायची होती.

नाना आले ते दारातच उभे राहिले. "चूक माझी. दिराने द्यायचं ते मी भरीन, सूनबाई."

मग पेन्शन झाली की दर महिन्याला अकोट्याच्या घरून स्कूटरवर गोरव्याला माझ्या खोलीवर हप्ता द्यायला यायचे. एकदा धीर करून म्हटलं, "तुमचा मेहनताना तरी यातून वळता करा."

"चुकीचा कसला मेहनताना?"

पुढे ते बसने येऊ लागले, रस्त्यापासून चालत, भर उन्हात. स्कूटर विकली होती. 'नाना, राहू द्या आता,' हे शब्द ओठांपर्यंत यायचे. फीची तारीख आठवायची आणि मी गप्प बसायची. ते गप्प बसणं अजून बोचतं.

नानांच्या तेराव्यानंतर त्यांची मुलगी आली. पाकिटावर नानांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'शेवटचा हप्ता'. मी आल्याचा चहा केला, दोन कप. एक तिने घेतला. दुसऱ्यावर साय धरली. पैसे मात्र पुरे फिटले होते.